कुकरचोराची चौकशी

माझा नवरा गेल्यावर घरी येणाऱ्या प्रत्येकाने मला एका अनोळखी माणसाबद्दल सांगितलं. हा माणूस म्हणे आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. त्याने कधी कुणाची टिंगल केली नव्हती. मी मान हलवून ऐकत असे. इद्दतीत बसलेल्या बाईकडे दुसरा उपाय नसतो. नवरा वारला की आमच्यात बाईने काही महिने घराबाहेर पडायचं नसतं, नटायचं नसतं, आणि मोठ्याने हसायचं तर नसतंच. या शेवटच्या गोष्टीचा मला फार त्रास झाला.

कारण मी ज्याच्याबरोबर संसार केला तो पट्टीचा थापाड्या होता. धंद्यात ह्यांच्या शब्दावर माल उचलला जायचा, ते खरं आहे. पण धंद्याचं बोलणं संपलं की थापा सुरू. मी उर्दू शाळेत मराठी शिकवत असे आणि घरी पुस्तकात डोकं घालून बसत असे, एवढ्या भांडवलावर ह्यांनी भिवंडीभर माझी ख्याती करून ठेवली होती. मास्तरीण नवऱ्याला रोज शुद्धलेखन घालते, चुकला तर जेवण नाही. ह्यांनी आठवीत शाळा सोडली होती आणि मी ते ह्यांना कधी विसरू देत नाही, असंही हे सांगत. मी ती गोष्ट एकदाही काढलेली नव्हती. पण गप्प बसणाऱ्या बाईबद्दल काहीही खपतं.

ह्यांची सगळ्यात मोठी थाप मात्र चीनमध्ये मारली गेली, आणि तीही एका प्रेशर कुकरवरून. ती काही वर्षं चालली. भेटायला येणाऱ्यांपैकी कुणालाच ती माहीत नव्हती.

शेलारच्या रस्त्याला आमचा यंत्रमागांचा छोटा कारखाना आहे. चिनी कापड स्वस्तात येऊ लागलं आणि आमच्यासारख्यांचे लूम अर्धे दिवस बंद राहायला लागले, तेव्हा हे म्हणाले, "ज्याने मारलं त्याचं घर तरी बघून येतो." बघायला म्हणून गेले आणि तिथलंच कापड आणून विकायला लागले. वर्षातून एकदोन खेपा व्हायच्या. नुसत्या कापडाच्या दुकानांचं शहर आहे ते. तिथे ह्यांचे हाल व्हायचे ते जेवणाचे. हलाल शोधत फिरताना एका गल्लीत भट्टीतून नान काढणारा एक माणूस दिसला. डोक्यावर कशिद्याची चौकोनी टोपी, छातीपर्यंत दाढी. तो उइगुर होता, त्या देशाच्या पार पश्चिमेकडच्या शिनजियांगचा. बायको वारल्यावर इतक्या लांब येऊन त्याने खानावळ काढली होती. एकुलती एक मुलगी इस्तंबूलला शिकत होती, तिच्यासाठी हा खटाटोप.

ह्यांनी आपल्या पद्धतीने त्याला आदराने "दादा" म्हटलं. त्यावर तो आणि सगळी गिऱ्हाइकं पोट धरून हसली. त्यांच्या भाषेत दादा म्हणजे बाप. तो ह्यांच्याहून जेमतेम सहासात वर्षांनी मोठा होता. पण त्याने लगेच पिठाचा हात ह्यांच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "बालाम." माझ्या लेकरा.

मग दोघांचा एक खेळ सुरू झाला. एकाने आपल्या भाषेतला शब्द टाकायचा, दुसऱ्याच्या भाषेत तो असेल तर त्याला चहा. नान, बाजार, किताब, आसमान, दोस्त, अनार. दोन्हीकडे तेच. आपण हरतोय असं दिसताच ह्यांनी उर्दू म्हणून "भानगड" हा शब्द पुढे केला. दादा हार मानणारा नव्हता. "आहे, आमच्यात आहे," असं त्याने ठणकावलं. अर्थ विचारला तर त्याने थोडा विचार करून समोरच्या चहाच्या पेल्याकडे बोट दाखवलं. तेव्हापासून त्या टेबलावर चहाला भानगड म्हणत.

मुलीचा इस्तंबूलहून फोन आला की दादा तो ह्यांच्याही हातात द्यायचा. पुढे ती आमच्या घरीही फोन करू लागली. तिचं हिंदी सिनेमांतून शिकलेलं होतं, त्यामुळे साधी गोष्टही ती शपथ घेतल्यासारखी बोलायची. बापाचा मुलगा तो माझा भाऊ, म्हणून ह्यांना "अका" म्हणजे थोरला भाऊ, आणि मला "येंग्गे", म्हणजे वहिनी. मी कोश काढून ह्यांना दाखवलं की मराठीत येंगणे म्हणजे वर चढणे. हे म्हणाले, "बराबर हाय की. डोक्यावर चढते ती वहिनी. त्यांची भाषा आपल्यापेक्षा खरी हाय."

एका खेपेला ह्यांनी दादासाठी भिवंडीहून पाच लिटरचा कुकर नेला. बोकडाचं मटण शिजायला त्याला फार वेळ लागतो, अशी ह्यांची तक्रार होती. पहिली शिट्टी झाली तेव्हा खानावळीतले निम्मे लोक रस्त्यावर होते. दादा हातात परात ढालीसारखी धरून भट्टीच्या मागे उभा. हे एकटे खुर्चीवर बसून राहिले आणि सगळ्यांना सांगत होते की आमच्याकडे बायका याच्याशी रोज लढतात.

त्यानंतरच्या खेपेला हे गेले तर खानावळीच्या जागी शेवयांचं दुकान होतं. भट्टी फोडलेली. शेजारच्यांना विचारलं तर ते ह्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत. त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. बाप फोन उचलेनासा झाला होता. मग एक दिवस त्याने आपल्या फोनमधून तिचं नावच काढून टाकलेलं दिसलं, आणि त्यानंतर काही नाही.

"अका, तुम्ही तिथे आहात," ती म्हणाली. "जिवंत आहेत का, एवढंच बघा. पण नाव घेऊन विचारू नका. मी विचारते आहे हे तर अजिबात कळू देऊ नका. परदेशातून कुणी विचारलं की त्यांनाच जास्त त्रास होतो."

हे म्हणाले, "मैं उसको नहीं पूछता. मैं मेरा कुकर पूछता."

आणि ह्यांनी त्या गल्लीत तमाशा मांडला. जागेची मालकीण शेजारीच राहायची. तिच्या दारात उभं राहून ह्यांनी छाती बडवली की तो नानवाला माझा कुकर घेऊन पळाला. कुकर बायकोच्या माहेरचा आहे. बायको मास्तरीण आहे. कुकर घेतल्याशिवाय घरी गेलो तर ती मला जिवंत ठेवायची नाही. ह्यांचा तिथला दलाल दुभाष्या म्हणून बरोबर असायचा. तो चिनीच, पण सुरत-भिवंडीच्या व्यापाऱ्यांकडून हिंदी शिकलेला, त्यामुळे त्याच्या वाक्यात शिव्या आधी यायच्या आणि क्रियापद मागाहून. त्याला खरं काय ते कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. पण कुकर हा शब्द तो फार जपून उच्चारायचा.

चोर म्हणून त्या माणसाची चौकशी करता येत होती. बाप म्हणून करता येत नव्हती.

मालकिणीला दया आली ती ह्यांची. ती म्हणाली, "तो गावी गेला. सरकारने त्याला शिकायला नेलं आहे."

हे घरी आले ते ही बातमी घेऊन. शुक्रवारची दुपार, नमाजनंतर माझी नणंद जेवायला आलेली. ह्यांनी जेवतानाच जाहीर केलं की साठीचा दादा शाळेत गेला. आम्ही किती हसलो. नणंद म्हणाली, "आता तू पन जा भाईजान, भाबीला जरा बरं वाटंल." हे म्हणाले, "त्याला पयला नंबर काढू दे, मग जातो." दादा दप्तर घेऊन, दाढी सावरत, लहान बाकावर कसा बसला असेल, याची नक्कल करून दाखवली. मलाही मनातून आनंद झाला. म्हातारपणी शिकणारा माणूस मास्तरणीला आवडतो.

जेवण झाल्यावर लगेच ह्यांनी मुलीला फोन लावला. फोनच्या पडद्यावर ती दिसली तसे ओरडले, "मुबारक हो! तुम्हारे अब्बा मिल गये! स्कूल में हैं!"

तिचा चेहरा हलेना. मला वाटलं, फोन अडकला. मग तिची पापणी हलली.

तिने ओरडून नाही, अगदी हळू सांगितलं. सिनेमातली हिंदी त्या दिवशी तिला पुरली नाही, मध्ये मध्ये इंग्रजी येत होतं, ते मी ह्यांना समजावत होते. त्या शाळेला तारांचं कुंपण आहे. सुट्टी नाही, निकाल नाही, घरी कधी सोडतील ते कुणी सांगत नाही. आपली भाषा बोलायची नाही, नमाज पढायचा नाही, सरकारची गाणी पाठ म्हणायची. तिच्या गावातले किती तरी लोक तिथे आहेत. कुणी दाढी ठेवली म्हणून, कुणी रोजा धरला म्हणून, कुणी परदेशात फोन केला म्हणून. "माझे अब्बा परदेशात फोन करायचे," ती म्हणाली. "मला."

नणंदेने टेबलावरची ताटं उचलली आणि आवाज न करता आत नेली.

हे कितीतरी वेळ फोन हातात धरून बसले. मला म्हणाले, "मी तिला मुबारक म्हणालो काय गं?" मी म्हटलं, "तुम्हाला कुठे माहीत होतं?" पण त्या दिवसापासून ह्यांनी शाळा हा शब्द घरातून काढून टाकला. मी सकाळी निघाले की विचारत, "ड्युटीवर चाललीस?" मुलांच्या परीक्षा असल्या तर म्हणत, "ड्युटीत पेपर आहेत." आमच्या लांबच्या एका मामूंची पक्की समजूत झाली की मी मास्तरकी सोडून नर्स झाले. ते मला गुडघ्याचं औषध विचारू लागले. मीही सांगू लागले.

पुढच्या प्रत्येक खेपेला हे मालकिणीच्या दारात जाऊन कुकर मागत. माझं वर्णन खेपेगणिक वाढत गेलं. मी आता रोज लाटणं घेऊन दारात उभी असे. मालकिणीने एकदा मला शांत करण्यासाठी चहाचा डबा पाठवला. आणि एकदा तिने सांगितलं की नानवाला पास झाला. त्याला नोकरी मिळाली, तिकडेच, सुताच्या मिलमध्ये.

या वेळी ह्यांनी मुबारक म्हटलं नाही. मुलीला आधी विचारलं, "पास होणं म्हणजे काय?" ती म्हणाली, "एका फाटकातून काढून दुसऱ्या फाटकात. बस येते, नावं वाचतात, जावं लागतं. नाही म्हणता येत नाही." तिने परत तेच विचारलं. त्यांना कुणी डोळ्यांनी पाहिलं का? की नुसतं सांगतात? ते जिवंत आहेत का, अका?

तो प्रश्न ह्यांनी सोबत आणला आणि आमच्या घरात ठेवला.

पडघ्याच्या बाजूला चिनी मालाची गोदामं आहेत. पूर्वी हे तिथे तासभर गाठी उलटून पालटून बघत. आता एखाद्या सुती कापडाच्या गाठीसमोर उभे राहून दारावर ठोठावतात तसं दोनदा ठोठावत आणि म्हणत, "दादा, सलाम." हमाल हसत. मग हे तो माल न घेता परत येत. बरोबरचा एक व्यापारी एकदा आमच्या ओट्यावर बसून भांडला. "अरे, सूत कुठल्या मिलचं ते तुला काय कळणार? गाठीवर लिवलंय काय?"

"न्हाय ना," हे म्हणाले. "म्हणूनच घेत न्हाय."

"येडा झालास. काय सांगू बाजारात?"

"सांग, मास्तरीण न्हाय म्हणते."

म्हणजे भिवंडीतही आता माझंच नाव. चिनी सुती मालाला भाबीने मनाई केली, ही बातमी बाजारात पसरली. एका लग्नात दोन बायकांनी मला बाजूला घेऊन विचारलं की मी देशभक्त आहे की कंजूष.

आमच्या कारखान्यात काही फार चांगलं चालतं असं मी म्हणणार नाही. बारा-बारा तासांची शिफ्ट, कानाला दडे बसवणारा खडखडाट, कापसाच्या धुळीचा खोकला. मी ह्यांना ते बोलून दाखवलं तेव्हा ह्यांनी वाद घातला नाही. मग एकदा ऐन हंगामात एक जुना कारीगर येऊन म्हणाला, "सेठ, मैं कल से नहीं आऊँगा. गाँव जा रहा हूँ." इतर वेळी ह्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, हा गावी जात नव्हता, पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्यात जात होता.

हे त्याच्याकडे बघत राहिले. "तेरे को मैं नहीं बोलूँ तो?"

"तो भी जाऊँगा, सेठ."

"फाटक पे ताला मारूँ तो?"

"दीवार से कूदूँगा."

ह्यांना इतकं हसू आलं की चष्मा काढून पुसावा लागला. कारीगराला वाटलं, सेठची तब्येत बिघडली. ह्यांनी त्याच्यासाठी बालूशाही मागवली. तो पिशवी घेऊन निघाला तेव्हा फाटकापर्यंत पोचवायला गेले आणि तो वळून दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभे राहिले. त्या आठवड्यात आमचे चार लूम माणसाविना बंद होते.

मग रोगराईची वर्षं आली, खेपा थांबल्या. नंतर ह्यांचं हृदय साथ देईना. मुलीचा फोन यायचा, "अका, काही कळलं?" हे म्हणायचे, "बरा झालो की जातो." आणि मग हे गेले.

मुलीला मीच कळवलं. ती रडली, मला "येंग्गे, येंग्गे" म्हणत राहिली. त्या दिवशी तिने बापाचं काही विचारलं नाही. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की आता ती विचारणारच नाही. विचारायला जागाच उरली नव्हती.

काही दिवसांनी चीनहून दलालाचा फोन आला. बाहेरच्या खोलीत सात-आठ बायका बसल्या होत्या, नणंद तस्बीहची माळ ओढत होती. दलाल म्हणाला, "भाभीजी, साला बहुत बुरा हुआ. भाईसाहब बहुत, साला, बहुत अच्छा आदमी." त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. मी आभार मानले. तो फोन ठेवणार एवढ्यात मी काय केलं ते मलाही नीट सांगता येत नाही. जन्मभर मी दुकानदाराशी भाव केलेला नाही.

मी म्हटलं, "मेरा कुकर कहाँ है?"

इकडे नणंदेची तस्बीह थांबली.

"वो मालकिन बाई के पास जाओ," मी म्हटलं. "फोन चालू रखो. मैं खुद बात करूँगी."

तो गेला. मला त्याच्या चपलांचा आवाज येत होता. दार उघडलं. आणि मी ओरडायला लागले. ह्यांनी माझ्याबद्दल जे जे सांगून ठेवलं होतं ते सगळं मी झाले. माझा नवरा या कुकरच्या काळजीने मेला! माझ्या माहेरचं भांडं! तो दाढीवाला चोर कुठे लपवलाय तुम्ही? मी पोलिसात जाईन, मी विमानात बसून येईन! मी काही वेळ मराठीत, काही वेळ हिंदीत ओरडत होते, आणि एकदा, अगदी सवयीने, "बाकावर उभी राहा!" असंही म्हणाले. दलाल धापा टाकत भाषांतर करत होता.

"भाबी!" नणंद माझा हात धरून म्हणाली. "इद्दतीत हाय तू! काय कुकर कुकर लावलंयस?" एक म्हातारी खाला दुसरीच्या कानात म्हणाली की दुःख डोक्यात गेलं, पाणी आणा.

पलीकडून मालकीणही आता ओरडत होती. इतकी वर्षं जिच्याबद्दल ऐकलं ती बाई एकदाची सापडली होती, तीही सोडेना. दलाल म्हणाला, "भाभीजी, वो बोलती है, नानवाला चोर नहीं है. गरीब पे झूठा इल्जाम मत लगाओ. बाई का भतीजा सूत का धंधा करता है. ठंडी में उधर मिल में गया था. अपनी आँख से देखा है उसको. खाने की लाइन में खड़ा था, मिल का कपड़ा पहन के. पतला हो गया. दाढ़ी नहीं है. भतीजे ने पहले पहचाना नहीं, फिर चाल से पहचाना. वो बोलती है, वो उधर कुकर लेके क्या करेगा?"

मी खाली बसले. नणंदेने पाण्याचा पेला माझ्या तोंडाला लावला. मी दलालाला म्हटलं, त्यांना सांगा, माझी चूक झाली. त्याने ते सांगितलं की नाही कोण जाणे. फोन ठेवण्यापूर्वी तो हळूच म्हणाला, "ठीक है, भाभीजी. देखा है. आँख से." या वेळी एकही शिवी नव्हती.

बायका गेल्यावर मी इस्तंबूलला फोन लावला. मुबारक म्हटलं नाही. जे ऐकलं ते त्याच क्रमाने सांगितलं. भतीजा, गेला हिवाळा, रांग, मिलचे कपडे. तिने प्रत्येक शब्द मला पुन्हा म्हणायला लावला. कुठली मिल ते मला माहीत नव्हतं. कधी सोडतील तेही नाही. आज काय, तेही नाही. पण गेल्या हिवाळ्यात ते आपल्या पायांवर उभे होते.

"दाढी नाही?" तिने विचारलं.

"काढली म्हणे."

मग एकदम तिला हसू फुटलं, रडतानाचं, नाक गळणारं. "येंग्गे, मी त्यांची हनुवटी कधी पाहिलीच नाही. अम्मी म्हणायची, तुझी हनुवटी बापाची आहे. मी म्हणायचे, दाखवा, तर ते दाढी आणखी घट्ट धरायचे."

तिने डोळे पुसले, फोन जवळ आणला आणि मान वर केली. माझ्यासमोर सगळ्या पडद्यावर एक लहानशी हनुवटी होती, मध्ये थोडी खळगी पडलेली.

"अशी असेल," ती म्हणाली. "बघा ना. अशी असेल."

मी चष्मा लावला आणि ती पुरे म्हणेपर्यंत बघत राहिले.